सहाव्या आठवड्याची नळी

"काका, खालचा खण सोमवारपर्यंत रिकामा लागेल," डॉ. सलोनी मेहेंदळे म्हणाल्या. हे सांगताना त्या डीप फ्रीजरकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत होत्या.

रंगनाथ देवस्थळींनी हातातली पिपेट स्टँडला लावली. "खालचा म्हणजे अभ्यासातून मध्येच गळालेल्यांचा?"

"हो. नव्या प्रोजेक्टचे नमुने यायला लागतील. आपला प्रबंध तर गेला युनिव्हर्सिटीत. आता ते ठेवायचं कारण उरलं नाही. नियमाप्रमाणे नष्ट करायचे."

"करतो."

"तुम्हीच करायला हवं असं नाही, काका."

"करतो म्हटलं ना, मॅडम."

दारात शिपाई दत्तोबा बादली घेऊन उभा होता. तो लोणी काळभोरहून रोज येऊन-जाऊन करायचा आणि विभागातली प्रत्येक गोष्ट त्याला सगळ्यांच्या आधी कळायची. "म्या करतो की, मॅडम. काकास्नी कशाला तरास?"

"दत्तोबा," रंगनाथ म्हणाले, "मागच्या महिन्यात फ्रीजर पुसताना तू त्याचा प्लग काढला होतास."

"शॉक बसू नये म्हनून काढला व्हता."

"लावायचा विसरला होतास."

"एकडाव विसरलो तर काय जलमभर तेच?"

"हो," रंगनाथ म्हणाले.

दत्तोबाने बादली खाली ठेवली आणि तो चहा सांगायला निघून गेला. त्याला राग आला नव्हता. त्या खणात कोणाचं काय आहे, हे त्याला ठाऊक होतं.

पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात रंगनाथ तीसेक वर्षं तंत्रज्ञ होते. निवृत्ती पुढच्या वर्षी. विद्यार्थ्यांच्या इतक्या तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, की शहरातल्या कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी आतून एखादा डॉक्टर "अरे, काका!" म्हणत बाहेर यायचा. प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी ते एकच सांगत. रंगाची परीक्षा करताना विद्यार्थी नळी उजेडात धरून म्हणायचे, "काका, ही जरा गडद वाटते." त्यावर रंगनाथ म्हणत, "वाटण्याचं इथे काम नाही. डोळ्याला जे हवं असतं तेच दिसतं. यंत्रात घाला." हे वाक्य मुलं त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची. गॅदरिंगमध्ये त्यावर एक नाटुकलंही झालं होतं. रंगनाथ पहिल्या रांगेत बसून ते बघून आले आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या मुख्य नटाला म्हणाले, "तू पिपेट चुकीच्या हातात धरली होतीस."

सलोनी मॅडमचा अभ्यास व्यायामाचा होता. माणूस श्वासातून जो प्राणवायू घेतो, त्यातला थोडा शरीरात वाकड्या वाटेला जातो आणि पेशींना एक प्रकारचा गंज चढवतो. तो गंज उतरवणारी यंत्रणाही शरीराकडे असते. कुठल्या व्यायामाने गंज किती चढतो आणि कुठल्या व्यायामाने ती यंत्रणा किती बळकट होते, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी बैठ्या कामाची, व्यायामाच्या वाटेला कधी न गेलेली तरुण माणसं हवी होती. त्यांचे चार गट करायचे: भरभर चालणारे, धावणारे, वजनं उचलणारे आणि योगासनं करणारे. मुदत बारा आठवड्यांची. पहिल्या दिवशी, सहाव्या आठवड्यात आणि अखेरीला प्रत्येकाला ट्रेडमिलवर पळवायचं आणि उतरल्या उतरल्या त्याचं रक्त घ्यायचं. त्यातला वरचा निवळ भाग, सीरम, वेगळा काढून गोठवून ठेवायचा. तपासणी मात्र सगळ्यांची शेवटी एकदम. आज एक नि उद्या एक केली तर रसायनांच्या फरकाने आकडे हलतात.

हे २००४ सालचं. बैठ्या कामाच्या तरुणांना त्या वर्षी पुण्यात तोटा नव्हता. हिंजवडीच्या माळावर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि शहरातली मुलं सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून तिकडे जात होती ती रात्रीच परतत होती. रंगनाथ आणि सुनीतीबाईंचा एकुलता एक मुलगा पुष्कर त्यातलाच. सव्वीस वर्षांचा, सॉफ्टवेअर तपासणारा. दोन वर्षांत कंपनीच्या कँटीनने त्याच्या पँटी एकेक करून बाद केल्या होत्या.

"म्हणजे मी तुमचा उंदीर होऊ?" रंगनाथांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला.

"उंदीर पळतात तरी."

पुष्कर हसला. त्याला हसू पटकन यायचं. ते आईकडून आलं होतं. "ओके, डन. तसंही ऑनसाइटला जायच्या आधी वेट कमी करायचंच आहे. यूएसला जाऊन आणखी वाढणार, असं सगळे म्हणतात."

कोणी कुठल्या गटात जायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. चिठ्ठ्या स्टीलच्या एका डब्यात होत्या आणि त्या उचलायचं काम रंगनाथांचं होतं. पुष्करची चिठ्ठीही त्यांनीच उचलली. धावणे.

अडचण एवढीच, की चालणाऱ्यांना आपापल्या घराजवळ, हव्या त्या वेळी चालायची मुभा होती. देवस्थळींच्या बिबवेवाडीतल्या इमारतीमागे महापालिकेची बाग होती. धावणाऱ्यांना मात्र सकाळी सहाला कॉलेजच्या मैदानावर प्रशिक्षकासमोर हजर राहावं लागे.

"बाबा, मी रात्री अकराला घरी येतो," पुष्कर जेवताना म्हणाला. "पहाटे कोण उठणार? वॉकिंग ग्रुप द्या ना मला. तुमच्याच हातात आहे."

"माझ्या हातात फक्त सुई आहे."

"एक चिठ्ठी तर बदलायचीय. कोणाला कळणारे?"

"मला कळेल."

सुनीतीबाई पोळी वाढत होत्या. "बदलून द्या की. चालला काय नि धावला काय."

"चालला काय नि धावला काय, हेच तर शोधायचं आहे," रंगनाथ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सलोनी मॅडमनीही विषय काढला होता. "काका, पुष्करला गैरसोयीचं होत असेल तर पुन्हा काढा चिठ्ठी. तुमचाच मुलगा आहे."

"बाकीचेही कोणाचे तरी मुलगेच आहेत, मॅडम."

या उत्तराचं रंगनाथांना तेव्हा बरं वाटलं होतं.

अभ्यासात असेपर्यंत जीवनसत्त्वाच्या गोळ्या, च्यवनप्राश आणि मोरावळा बंद, असाही एक नियम होता. सुनीतीबाई दर हिवाळ्यात मोरावळ्याची बरणी भरायच्या आणि ती जवळपास एकटा पुष्कर संपवायचा.

"आवळ्याने कोणाचं काही बिघडल्याचं मी तरी ऐकलं नाही," त्या म्हणाल्या.

"बिघडत नाही, सुधारतं. म्हणूनच नको. मग सुधारणा व्यायामाची की आवळ्याची, ते कळणार कसं?"

"छान. म्हणजे माझ्या हातून सुधारलेलं तुमच्या शास्त्राला चालत नाही."

त्यांनी बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि ती वरच्या फळीवर ठेवून दिली.

पुष्कर कुरकुरत उठायला लागला. पहिला आठवडा तो जिना चढताना कठडा धरून चढला. चौथ्या आठवड्यात त्याने पळायचे बूट घेतले, निळ्या पट्ट्यांचे, आणि ते बाहेर चपलांच्या कपाटात न ठेवता स्वतःच्या खोलीत ठेवले. सहाव्या आठवड्यात ट्रेडमिलवरून उतरून तो खुर्चीत बसला तेव्हा पहिल्या दिवसासारखा धापा टाकत नव्हता. रंगनाथांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला.

"मूठ आवळ."

पुष्करने मूठ आवळली आणि मान दुसरीकडे वळवली. "बाबा, गंज उतरला असेल का हो?"

"आकडा आल्यावर सांगतो."

"अंदाजे तरी?"

"अंदाजे काही नसतं. दाबून धर कापूस."

त्यानंतरच्या आठवड्यात, डिसेंबरातल्या एका सकाळी, पुष्कर मोटारसायकलवरून मैदानाकडे निघाला. मार्केट यार्डाच्या फाटकापाशी कांद्याने भरलेला एक ट्रक वळत होता. धुकं होतं. ट्रकवाल्याने आरडाओरडा करून माणसं गोळा केली, हमालांनी पुष्करला हातगाडीवर घालून पळत दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने नाव वाचलं आणि विचारलं, "देवस्थळी? म्हणजे काकांचे कोण?" फोन त्यानेच केला.

बूट पोलिसांनी एका पिशवीत घालून परत दिले.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर सुनीतीबाई चहाची भांडी विसळत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एक चिठ्ठी बदलली असतीत तर तो त्या वेळी मागच्या बागेत असता." एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. रंगनाथांना वेळेवर डबा मिळत राहिला, इस्त्रीचे कपडे मिळत राहिले. "जेवायला वाढलंय", "दूधवाला आला होता", "कुलूप नीट लावा". परक्या माणसाशी बोलतात तशा सुनीतीबाई त्यांच्याशी नीट, मुद्द्याचं बोलत राहिल्या.

अभ्यास पुढे चालू राहिला. बारा आठवडे पूर्ण करणाऱ्यांचे नमुने तपासून झाले. अचानक दमवलं की गंज चढतोच, पण रोज धावणाऱ्यांच्या शरीराला हळूहळू त्याच्याशी दोन हात करायची सवय होते, असं दिसलं. चालणाऱ्यांमध्ये फरक थोडा, वजनं उचलणाऱ्यांमध्ये उलटसुलट, आसनं करणाऱ्यांमध्ये बरा. धावणाऱ्यांपैकी काहींमध्ये मात्र काहीच बदल नव्हता. का, ते सांगता येत नव्हतं. जे मध्येच सोडून गेले त्यांचे नमुने तपासले गेले नाहीत. प्रबंधाचे कागद नजरेखालून घालायला मॅडमनी रंगनाथांकडे दिले होते. त्यात धावण्याच्या गटापुढे लिहिलं होतं: गळालेले, एक. कारण: अभ्यासाशी संबंधित नाही.

रंगनाथांनी त्या पानावरच्या टायपिंगच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत केले.

आता खण रिकामा करायचा होता. चहा पिऊन झाल्यावर ते सलोनी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, एक विनंती आहे."

काकांनी कधी विनंती केल्याचं मॅडमना आठवत नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"पुष्करचे दोन नमुने आहेत. पहिल्या दिवसाचा आणि सहाव्या आठवड्याचा. टाकायच्या आधी मी ते तपासू का? गंजाची परीक्षा. रसायन उरलेलं आहे, नव्याने मागवायला नको."

"काका, विचारता काय? करा ना." मग त्या थांबल्या. "फक्त... दीड वर्ष झालंय. इतके दिवस ठेवलेल्या सीरमचा आकडा पक्का मानता येणार नाही, हे तुम्हालाच ठाऊक आहे. आणि सीरम फार थोडा आहे. एकदा केली की संपलं. हवं तर..." त्यांनी पेपरवेट थोडा सरकवला. "हवं तर तुम्ही त्या नळ्या तशाच घेऊन जा. मी कोणाला विचारणार नाही."

"घरी नेऊन कुठे ठेवू? मटाराच्या पिशवीशेजारी?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगनाथ अवघडून टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. "उद्या शनिवार आहे," मॅडम म्हणाल्या. "दुपारनंतर कोणी नसतं. किल्ली तुमच्याकडे असू द्या."

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर रंगनाथांनी टीव्ही बंद केला. सुनीतीबाईंनी विणकामातून मान वर केली.

"कॉलेजात त्याचं रक्त आहे," रंगनाथ म्हणाले.

"कोणाचं?"

सुनीतीबाईंच्या सुया थांबल्या.

"पुष्करचं? आहे म्हणजे? अजून आहे?"

"डीप फ्रीजरमध्ये. अभ्यासाचं. दोन नळ्या, करंगळीएवढ्या. सोमवारी टाकून द्यायच्या आहेत."

"दीड वर्ष," सुनीतीबाई म्हणाल्या. "दीड वर्ष तुम्ही रोज त्याच्याजवळ जात होतात. आणि मला सांगितलं नाहीत."

"काय सांगणार होतो?"

"दिवाळीत वीज गेली तेव्हा भरल्या ताटावरून उठून कॉलेजात गेलात. मी म्हटलं, या माणसाला घरात बसवत नाही. ते त्याच्यासाठी?"

"जनरेटर आपोआप लागतो. पण एखाद वेळी लागत नाही."

"आणि उन्हाळ्यात? रोज वीज जायची तेव्हा? रविवारी सुद्धा निघायचात."

"हो."

सुनीतीबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. त्या आत गेल्या, पाणी पिऊन परत आल्या आणि समोर न बसता त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. "टाकायच्या आधी काही करता येतं का?"

"एक परीक्षा करता येते. पण ती केली की रक्त संपतं. काही उरत नाही."

"कळतं काय तिच्यातून?"

"सहा आठवडे धावून त्याला काही उपयोग झाला होता का, ते. त्याने विचारलं होतं मला. आकडा आल्यावर सांगतो म्हटलं होतं."

"आणि झाला असला तर?"

रंगनाथांना या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं, पण ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. झाला असला तर त्या चिठ्ठीतून त्याला निदान काहीतरी मिळालं होतं.

"आणि झाला नसला तर?" सुनीतीबाईंनी विचारलं.

रंगनाथांनी चष्मा काढून पुसला.

"मी येणार आहे उद्या," सुनीतीबाई म्हणाल्या.

लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, पण सुनीतीबाई त्या प्रयोगशाळेत कधी आल्या नव्हत्या. दत्तोबाने स्टूल पुसून दिलं, पंखा लावला, "बसा, वैनी," म्हणाला आणि बाहेर जिन्यात जाऊन बसला. त्याची सुट्टी कधीच झाली होती.

सुनीतीबाई मांडीवर पर्स घेऊन बसल्या. कपाटाएवढा उंच फ्रीजर कोपऱ्यात घरघरत होता. "हाच?"

"हाच."

रंगनाथांनी जाड हातमोजे चढवले आणि दार उघडलं. पांढरी वाफ जमिनीवर उतरली. खालच्या खणातून त्यांनी एक खोका काढला, खोक्यातून दोन नळ्या. न शोधता हात बरोबर जागी गेला, हे सुनीतीबाईंनी पाहिलं.

त्या उठून जवळ आल्या.

"हात लावू नकोस. चटका बसतो."

नळ्यांवरचं दव पुसून त्यांनी त्या स्टँडमध्ये उभ्या केल्या. हळूहळू आतला बर्फ सुटला.

"लाल नाही," सुनीतीबाई म्हणाल्या.

"लाल भाग तेव्हाच काढून टाकतात. हा वरचा."

"तुपासारखा रंग आहे."

रंगनाथ कामाला लागले. सीरम मोजून परीक्षेच्या दोन काचेच्या नळ्यांत घेतला. एकीवर पेन्सिलने एक रेघ ओढली, दुसरीवर दोन. तिसरी नळी नुसत्या रसायनाची, तुलनेसाठी. आम्ल घातलं, यंत्रात गरागरा फिरवून गढूळपणा खाली बसवला, वरचं निवळ पाणी वेगळं काढून त्यात रसायन घातलं. प्रत्येक वेळी पिपेट डोळ्यांच्या रेषेत. जुन्या छोट्या नळ्या रिकाम्या झाल्या तशा सुनीतीबाई म्हणाल्या, "सगळं लागलं?"

"सगळं."

तिन्ही नळ्या त्यांनी उकळत्या पाण्यात उभ्या केल्या आणि घड्याळ लावलं. "अर्धा तास. रंग येईल. गुलाबी. जेवढा गंज जास्त तेवढा रंग गडद."

मग रंग मोजायचं यंत्र त्यांनी चालू केलं, कारण त्याला तापायला वेळ लागतो. यंत्रावरचा छोटा दिवा लागला. दुसरं स्टूल ओढून ते सुनीतीबाईंच्या शेजारी बसले.

पाणी खदखदत होतं. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"सुईला घाबरला होता का?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"मान वळवून बसला होता. पंख्याच्या बटणाकडे बघत."

"लहानपणी माझ्याकडे बघायचा. डॉक्टरांकडे नेलं की माझा पदर तोंडात धरायचा."

"दंडावर ती खूण होती. सायकलवरून पडला होता त्याची."

"कोपराच्या वर."

"हो. मी विसरलो होतो. पट्टा बांधताना दिसली." रंगनाथ थांबले. "दहावीनंतर मी त्याला असा हात लावलाच नव्हता. बाप म्हणून नाही. पट्टा बांधला, शीर शोधली, तेवढंच. पहिल्या वेळी शीर लगेच सापडली. सापडली तरी मी थोडा वेळ शोधत होतो."

सुनीतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. दीड वर्षात पहिल्यांदा इतका वेळ.

"त्या दिवसांत मोरावळासुद्धा दिला नाही हो मी त्याला," त्या म्हणाल्या. "एकदा फडकं सोडून बघत होता. म्हटलं, बाबा ओरडतील. परत बांधून ठेवलंन."

"बांधून ठेवलं?"

"ठेवलंन. तुमचाच मुलगा."

घड्याळ वाजलं.

रंगनाथांनी चिमट्याने नळ्या बाहेर काढल्या. तिसरी पाण्यासारखी कोरी होती. पहिल्या दोन्हींत रंग आला होता. पेरू कापल्यावर आत दिसतो तसा, फिका गुलाबी. पुढची पायरी त्यांना पाठ होती. नळ्या लगेच नळाखाली धरून गार करायच्या, पुसायच्या, यंत्रात घालायच्या आणि आकडा वाचायचा. त्यांनी नळ सोडला.

सुनीतीबाईंनी हात पुढे केला होता.

"गरम आहेत," रंगनाथ म्हणाले.

"द्या."

"लगेच गार कराव्या लागतात, नाहीतर आकडा..."

"द्या हो."

रंगनाथ चिमटा धरून तसेच उभे राहिले. मागे पाणी वाहत होतं. मग त्यांनी नळ बंद केला, खिशातला रुमाल काढला, दोन्ही नळ्या पुसल्या आणि रुमालासकट त्यांच्या हातात ठेवल्या.

सुनीतीबाईंनी एका हातात एक, दुसऱ्यात एक अशा त्या धरल्या. थोड्या वेळाने त्यांनी रुमाल बाजूला केला आणि नुसत्या काचेभोवती मुठी मिटल्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत, की त्या रडल्याही नाहीत. जत्रेत पोराचा हात सुटू नये म्हणून धरतात, तेवढ्या जोराने त्या नळ्या धरून उभ्या होत्या.

मग त्या खिडकीपाशी गेल्या आणि नळ्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या.

"एक रेघ म्हणजे?"

"पहिला दिवस."

"आणि ही सहाव्या आठवड्याची." त्यांनी नळी थोडी वर केली. "ही फिकी आहे."

रंगनाथांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वाकून पाहिलं. आधी एक रेघ, मग दोन रेघा, मग पुन्हा एक. उजेड चांगला होता. दोन्हींतला गुलाबी त्यांना एकसारखा दिसत होता. असू शकेल थोडा फरक, नसूही शकेल. यंत्र तापून तयार होतं. नळी त्यात घालायला आणि आकडा यायला क्षणभर लागला असता.

"अहो, फिकी आहे ना ही?"

"हो," रंगनाथ म्हणाले. "फिकी आहे."

त्यांनी मागे हात नेऊन यंत्राचं बटण बंद केलं. दिवा विझला. सुनीतीबाईंनी दोन्ही मुठी पुन्हा मिटून पोटाशी घेतल्या.

"अजून कोमट आहेत," त्या म्हणाल्या.

रंगनाथांनी स्टूल खिडकीपाशी आणून ठेवलं, त्यांना बसवलं आणि नळ्या गार होईपर्यंत ते शेजारी उभे राहिले.